पेटीच्या झाकणातली नावं

गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या माणसाला विचारा, एवढ्या वर्षांत किती राग झाले? तो विषय बदलेल. किती किस्से झाले ते विचारा, चहा मागवेल. आमचंही तसंच आहे. रफिकभाई हातोडी घेऊन तबला लावायला बसले की वीस मिनिटं गेलीच, आणि वीस मिनिटं तोंड मिटून बसायला आम्ही काय आजारी आहोत? त्या वीस-वीस मिनिटांत साठत गेलेलं हे सगळं. त्यातलं निम्मं वसंत पंचमीचं, कारण वर्षभर आम्ही चुका करतो आणि त्या दिवशी नटूनथटून करतो.

आम्ही म्हणजे जळगावातल्या नानांच्या क्लासची शनिवारची, मोठ्यांची बॅच. नाना डाळ मिलमध्ये सुपरवायझर होते तेव्हापासून घराच्या पुढच्या खोलीत पेटी शिकवतात. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण शिस्त अजून मिलचीच. हजेरी घेतात. महिनाभर न सांगता गैरहजर राहिलं की नाव कमी! मग पुन्हा यायचं असेल तर नवा फॉर्म. फॉर्म म्हणजे झेरॉक्सचा अर्धा कागद. नाव, पत्ता, वय आणि शेवटचा रकाना 'पूर्वशिक्षण'. माझा फॉर्म वाचून नाना म्हणाले होते, "पूर्वशिक्षण काहीच नाही? उत्तम. मीपण अजून 'सा'वरच आहे." मला वाटलं विनय आहे. नंतर कळलं, हे ते प्रत्येकाला म्हणतात.

माझं सांगायचं तर आमचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. मालक नवरा, आवाज माझा. दिवसभर गिऱ्हाइकांशी ओरडून तो आवाज जसा झालाय, तो नाना पाच-सहा वर्षं दुरुस्त करतायत. अजून कौतुक कोणी केलेलं नाही.

* * *

आता मुख्य नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

वसंत पंचमीला सकाळी सरस्वतीच्या फोटोपुढे सगळी वाद्यं पूजेला मांडायची. झेंडू, आंब्याचा मोहोर, गव्हाच्या ओंब्या वाहायच्या. एकदा हळदकुंकू लागलं की आरती होईपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही. आरती झाली की नानांची जुनी पेटी उघडायची आणि वर्षाचा पहिला 'सा' वाजवायचा. तो नानांनी नाही, क्लासातल्या सगळ्यात नव्या विद्यार्थ्याने! आदल्या दिवशी आलेला असला तरी तोच. नानांचे गुरुजी म्हणायचे, नव्याला आपण चुकणार हे माहीत असतं, म्हणून त्याचा हात स्वच्छ.

मग त्या नव्याने पेटीच्या झाकणात आतल्या बाजूला पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं. तीसेक नावं आहेत. कोणी आता पुण्यात आहे, कोणी डॉक्टर झाली, कोणी वारलं. माझंही आहे. मला वाटलं पेन्सिल नको, टिकलं पाहिजे, म्हणून मी बॉलपेन दाबून दाबून लिहिलं. पेन संपलेलं होतं. आता उजेडात तिरकं धरलं तर माझं नाव दिसतं.

मी तेव्हा नानांना विचारलं होतं, तुमचं नाव कुठे आहे? ते म्हणाले, "क्लासच माझा. मी नवीन कधी होतो?"

* * *

गोदाअक्का आल्या त्या नेमक्या पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. जवळच्याच असोदा गावच्या. वय साठ, हातात पिशवी, पिशवीत केळी. केळी नानांसमोर ठेवली आणि म्हणाल्या, पेटी शिकायची आहे. आदल्या दिवशी आल्या असत्या तर पुढचे सगळे किस्से टळले असते.

अक्कांच्या माहेरी पेटी होती. वडील भजनी मंडळात वाजवायचे, मग भाऊ वाजवायला लागले. मुलींनी हात लावायचा नाही, पण पुसायची मात्र मुलींनीच. हे त्यांनी मला एकदा ओट्यावर चपला घालता घालता सांगितलं. "पेटी पुसाले मी, वाजवाले भाऊ." लग्न होईपर्यंत रोज. लग्नानंतरही राखी बांधायला गेल्या की आधी पेटी पुसायच्या, मग राखी बांधायच्या. कोणती पट्टी कुठे झिजली आहे ते भावांना माहीत नव्हतं, अक्कांना माहीत होतं.

तर या बाईने आमच्या पेटीचं झाकण उघडून आतली नावं वाचली आणि तिला तेच हवं झालं. भरल्या घरापुढे वर्षाचा पहिला सूर आणि झाकणाच्या आत आपलं नाव. मी म्हटलं, नानांना सांगते. तर त्यांनी मला शपथ घातली.

"मांगून घेतला त सूर कसा लागीन?" म्हणाल्या.

म्हणजे मला माहीत, पुढे रफिकभाईंना माहीत झालं, नानांना सांगायचं नाही. आणि नियम असा की क्लासात आणखी कोणी नवीन आलं की अक्का जुन्या झाल्या.

* * *

पहिल्या वर्षी पंचमीच्या दोन दिवस आधी दातांचे डॉक्टर आले. एवढे मोठे डॉक्टर, पण पेटीपुढे असे बसले की त्यांचाच दात काढायचा आहे. आरती झाली. नानांनी 'काळी एक', म्हणजे 'सा'ची पट्टी, दाखवली. डॉक्टरांनी डोळे मिटले, बोट ठेवलं आणि दाबलं.

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पाच सेकंद झाले, दहा झाले. डॉक्टरांचा चेहरा इतका तल्लीन की मला राहवलं नाही, मी मोठ्याने "वा!" म्हटलं.

डावा हात मांडीवर होता. भाता कोणी हलवलाच नव्हता!

नाना शांतपणे म्हणाले, "छान. पुढच्या शनिवारी भाता शिकवतो." आणि झाकणात डॉक्टरांचं नाव लागलं. माझं 'वा' अजूनही दर शनिवारी निघतं. अक्का त्या दिवशी हसून हसून बेजार झाल्या होत्या. जाताना मात्र म्हणाल्या, भाता मी हलवला असता.

* * *

दुसऱ्या वर्षी जानेवारी संपत आला तरी नवीन कोणी नाही. डॉक्टरांचं होऊन गेलं, आता अक्काच. त्यांनी पिवळं लुगडं काढून ठेवलं. पंचमीला सगळ्यांसाठी केळ्याचा शिरा करून आणायचं ठरवलं.

अक्कांची सून वैशाली त्यांना असोद्याहून स्कूटीवर सोडायला यायची आणि क्लास सुटेपर्यंत बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघायची. पंचमीच्या आदल्या शनिवारी नाना बाहेर आले आणि म्हणाले, ऊन लागतंय, आत बसा. ती आत बसली. नाना म्हणाले, बसलातच आहात तर शिका. अक्का तेव्हा मागच्या अंगणात पूजेसाठी झेंडूची फुलं खुडत होत्या. फुलांची परडी घेऊन आत आल्या तर सून फॉर्म भरत होती.

नंतर मी वैशालीला विचारलं, तुला आवड होती का गं? ती म्हणाली, पहाटे पाचपासून घरात 'सा' चालू असतो, ऐकावाच लागतो, मग समजून तरी घ्यावा म्हटलं.

पंचमीला सुनेने पहिला सूर वाजवला. चांगला वाजवला. शिरा वाटताना माझ्या तोंडून तिच्यापाशी सगळं निसटलं आणि ती पोर वाटी हातात घेऊन रडायलाच लागली. अक्कांनी तिला जवळ घेतलं. "रडू नको माय. घरातलं तं लागलं ना नाव," म्हणाल्या. शपथ मोडली म्हणून माझ्याशी मात्र आठ दिवस बोलल्या नाहीत.

* * *

तिसऱ्या वर्षी बापू आले. धुळ्याहून बदली होऊन आलेले, शेतकी खात्यातले, आवाज खणखणीत. बापूंकडे वाद्य नव्हतं, फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप होतं. पूजा मांडताना त्यांनी फोन पेटीशेजारी ठेवला आणि नानांना विचारलं, चालेल का? नानांनी विचार केला. "सूर देतो ना? मग वाद्यच आहे."

झालं! मग आम्हा सगळ्यांना आपापल्या फोनमधलं ॲप आठवलं. सात फोन ओळीने मांडले. सातांवर हळदकुंकू, सातांवर एक-एक झेंडू. सरस्वतीपुढे मोबाइलचं दुकान.

आरती सुरू झाली आणि बापूंचा फोन वाजला. वरातीतलं गाणं, फुल आवाजात.

"तो मना फोन शे," म्हणत बापूंनी हात पुढे केला. नानांनी घंटी वाजवता वाजवता मानेने नाही म्हटलं. हळदकुंकू लागलंय. फोन थांबला, पुन्हा वाजला, सहा वेळा वाजला. मग माझा वाजला, मग डॉक्टरांचा, मग वैशालीचा. एकामागून एक सगळी आरास वाजायला लागली. आम्ही टाळ्या वाजवत उभे आणि कोणाला काही समजेना.

आरतीच्या शेवटच्या कडव्याला दारात बापूंच्या मिसेस आल्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. बापू पाण्याची मोटर चालू ठेवून आले होते आणि मोटरच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात! टाकी भरून पाणी जिन्यावरून खाली घरमालकाच्या सोफ्यापर्यंत पोहोचलं होतं. माउलीने क्लासच्या ग्रुपवरून शोधून आम्हा सगळ्यांना फोन लावले होते.

नाना म्हणाले, किल्ली खिशात आहे, ती पूजेत नाही, ती द्या. मग बापूंनी किल्ली दिली आणि पहिला सूर वाजवला. तो आमच्या क्लासच्या इतिहासातला सगळ्यात थरथरता 'सा'. बापूंच्या मिसेस दारात उभ्या राहून पूर्ण होईपर्यंत ऐकत होत्या, हे आणखी.

अक्का शेवटच्या ओळीत बसल्या होत्या. सगळे फोन उचलून झाल्यावर त्यांनी पेटीवरच्या अक्षता वेचल्या आणि पदराने पेटी पुसली. रफिकभाईंनी ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं. त्यांनाही मी सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मी आधीच कबूल करते.

* * *

चौथ्या वर्षीचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगते.

त्या वर्षी खरंच कोणी नवीन आलं नाही. नानांनी आठवडाभर आधी हजेरीपट पाहिला आणि जाहीर केलं, ज्यांचं नाव झाकणात नाही असं क्लासात एकच माणूस आहे. पहिला सूर गोदाअक्कांचा. अक्कांनी दोन्ही भावांना बोलावलं. दोघे सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्या टोप्या, खुर्च्यांवर ताठ बसलेले. रफिकभाईंनी पेटीचे सूर फुकट लावून दिले. भात्याला नवीन कापड लावलं.

भावांना बस स्टँडवरून घेऊन आलेला रिक्षावाला गजू दारातच उभा होता. आरती सुरू झाली तसा तोही म्हणायला लागला, आणि काय आवाज! आम्ही सगळे आपोआप हळू झालो. रफिकभाई म्हणजे सच्चा कलावंत. चांगला आवाज ऐकला की त्यांना पुढचं-मागचं काही सुचत नाही. त्यांनी गजूला आत ओढला, फॉर्म पुढे केला, म्हणाले, भरो भाई, असा गळा रिक्षात वाया घालवतो का? गजूने भरला. नानांच्या हातात दिला. नानांनी वाचला, सही केली.

आणि मग नाना, रफिकभाई, मी, आम्ही सगळे अक्कांकडे बघायला लागलो. अक्का पेटीपुढच्या आसनावर बसल्या होत्या. हात पदराला पुसून झाले होते.

नानांचा चेहरा उतरला. पण नियम म्हणजे नियम. ते काही बोलायच्या आत अक्का उठल्या आणि गजूला म्हणाल्या, "ये बाबा, बस."

मोठ्या भावाला कमी ऐकू येतं. त्यांनी सगळं संपल्यावर विचारलं, झालं का तुझं? अक्का म्हणाल्या, नंबर लागला नई अजून. मला फार वाईट वाटलं. रफिकभाई महिनाभर अक्कांच्या नजरेला नजर देत नव्हते. गजू मात्र तेव्हापासून एक शनिवार चुकवत नाही. नाना त्याला यंदा भूप राग देणार आहेत, जो मला अजून दिला नाही.

* * *

आणि आता यंदाचं.

पंचमीच्या महिनाभर आधी अक्का यायच्या बंद झाल्या. एक शनिवार, दोन, तीन. नानांनी वैशालीला विचारलं, तब्येत बरी आहे ना? ती म्हणाली, बरी आहे, आणि खाली बघून पेटी वाजवायला लागली. चौथा शनिवार गेला. नानांनी हजेरीपट उघडला, बराच वेळ तसाच धरला, मग नियमाप्रमाणे अक्कांच्या नावावर रेघ मारली. पट्टीने मारली, पण वाकडी गेली. त्या दिवशी शिकवताना दोनदा चुकले. मीसुद्धा घरी येऊन वैशालीला फोन केला, भांडलेच. ती म्हणाली, ताई, पंचमीला या तर खरं.

पंचमीला सकाळी बँकेतल्या एक नवीन मॅडम प्रवेश घ्यायला आल्या. नानांनीच त्यांना आजचा मुहूर्त दिला होता. टेबलापाशी त्या उभ्या राहिल्या आणि मागून अक्का आल्या. पिवळं लुगडं, पिशवीत केळी, हातात भरलेला फॉर्म.

मॅडमना वाटलं, वयस्कर बाई आहेत. त्या म्हणाल्या, आजी, आधी तुमचं होऊ द्या. अक्का म्हणाल्या, छे, तुमी लांबून आल्या. मॅडम म्हणाल्या, तुम्ही मोठ्या. अक्का म्हणाल्या, मले काही घाई नई. आमच्या जळगावात सिग्नलला कोणी कोणाला पुढे जाऊ देत नाही, आणि इथे टेबलापुढे दोन बायका एकमेकींना पुढे ढकलतायत! शेवटी मॅडम हरल्या. त्यांचा फॉर्म नानांनी घेतला, सही केली.

मग अक्कांनी आपला ठेवला.

तेवढ्यात रफिकभाईंनी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. गजू दूध आणायला गेला होता, तो बाहेरून कडी वाजवत राहिला. रफिकभाई आतूनच म्हणाले, आज हाउसफुल आहे. तो ओरडला, अहो, मी जुना आहे! तरी उघडलं नाही. डॉक्टरांनी खिडकीतून दूध घेतलं.

नाना फॉर्म वाचत होते. नाव, गोदावरी. पत्ता, असोदा. वय, पासष्ट. शेवटच्या रकान्याशी ते थांबले. पाच वर्षं याच खोलीत शिकलेली बाई. 'काही नाही' लिहिलं तर सरस्वतीपुढे खोटं, आणि खरं लिहिलं तर ती नवी कशी?

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"पूर्वशिक्षण: पाच वर्षं पेटी. अजून 'सा'वरच."

नानांनी सही केली. म्हणाले, "बसा."

आरती झाली. अक्का पेटीपुढे बसल्या. सवयीने पदर पेटीकडे गेला, अर्ध्यात थांबला, परत आला. त्यांनी भाता उघडला आणि सूर लावला. एकच, पण संथ, कुठे हललं नाही काही. बाहेर गजूची कडी थांबली. बँकेतल्या मॅडमनी डोळे पुसले, आणि त्यांना तर कशाचाच पत्ता नव्हता.

रफिकभाईंनी झाकण उलटं धरलं. अक्कांनी पेन्सिलीने नाव लिहिलं, एकेक अक्षर थांबून. मग मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढायला लावला, दोन्ही भावांना पाठवायला.

मी शिरा वाटायला उठले. वळून पाहिलं तर नाना टेबलाशी बसले होते. त्यांनी कोरा फॉर्म पुढे ओढला होता, त्यावर आपलं नाव लिहिलं होतं, पत्ता लिहिला होता, वय लिहिलं होतं. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं होतं.

"अक्का," नाना म्हणाले, "इथे तुम्ही काय लिहिलं होतं? परत सांगा जरा."